काल्पनिक देशाचं सैन्य कसं उभं करायचं: रचना, हुद्दे आणि कोण नक्की काय करतं

कथेसाठी, गेमसाठी किंवा नुसती आवड म्हणून स्वतःचा देश बनवणारे खूप लोक आहेत, आणि बहुतेकांचं एकाच जागी अडतं. नकाशा छान काढतात, झेंडा काढतात, राजघराण्याची वंशावळ लिहितात, आणि सैन्यापाशी आले की थेट आकडे टाकतात. २ लाख सैनिक, ५०० रणगाडे, ३ विमानवाहू जहाजं, झालं. मग कथेत पहिली लढाई येते आणि काहीच जुळत नाही, कारण २ लाख माणसं असूनही खिंडीत कोण उभं आहे, त्याला हुकूम कोणी दिला आणि त्याची पाण्याची बाटली कोणी भरली हे कुणीच ठरवलेलं नसतं.

मी हे बरीच वर्षं करतेय आणि माझी पद्धत एकाच गोष्टीवर उभी आहे. कागदावर कुठलीही तुकडी लिहिली की तिला तीन प्रश्न विचारायचे: हिला हुकूम कोण देतं, हिला अन्न पाणी दारूगोळा कोण पोचवतं, आणि हिच्यातली माणसं पडली किंवा थकली तर त्यांच्या जागी कोण येतं. तिन्हींची उत्तरं असतील तर तुकडी खरी, नाहीतर तो नुसता आकडा.

समजायला सोपं जावं म्हणून एक देश घेऊ, नाव तारवण. लोकसंख्या ८० लाख, उत्तरेला उंच डोंगर आणि पलीकडे मोठा, कुरबुरी करणारा शेजारी, डोंगरातून गाडी जाईल अशा तीनच खिंडी, पश्चिमेला ४०० किलोमीटरचा किनारा. बाकी सगळं ह्यातूनच काढायचं.

सुरुवात भीतीपासून

आधी शस्त्रं नाही, आधी भीती. हा देश कुणाला घाबरतो आणि कशाला घाबरतो हे एका वाक्यात लिहा. तारवणचं वाक्य असं: उत्तरेचा शेजारी एके रात्री खिंडीतून खाली उतरेल आणि आपल्याला जमवाजमव करायला वेळच मिळणार नाही. ह्या एका वाक्यातून निम्मं सैन्य ठरतं, डोंगरी पायदळ लागेल, तोफखाना लागेल, पटकन बोलावता येईल असं राखीव दल लागेल, आणि विमानवाहू जहाज अजिबात लागणार नाही.

खऱ्या देशांकडे बघा, त्यांची सैन्यं अशीच घडलीत, भीतीतून, आठवणीतून, कधी जखमेतून. कोस्टारिकाने १९४८ मध्ये यादवी संपल्यावर सैन्यच बरखास्त केलं आणि आजही त्यांना स्थायी सैन्य नाही. आइसलँडकडे तटरक्षक दल आहे पण सैन्य नाही, ते नाटोचे सभासद असूनही. बोलिव्हियाला समुद्रच नाही, १८७९ ला सुरू झालेल्या युद्धात त्यांचा किनारा चिलीकडे गेला, तरी त्यांनी नौदल ठेवलंय आणि ते टिटिकाका सरोवरात आणि नद्यांमध्ये गस्त घालतं. कामासाठी ठेवलंय तसंच आठवणीसाठीही. तुमच्या देशाच्या सैन्यात असं एखादं दल असू द्या जे हिशोबात बसत नाही पण इतिहासात बसतं, देश लगेच जिवंत वाटतो.

माणसं किती आणि कुठून

शांततेच्या काळात बहुतेक देश जीडीपीच्या साधारण १ ते ३ टक्के पैसा संरक्षणावर घालतात, आणि पूर्णवेळ सैनिक लोकसंख्येच्या १ टक्क्याच्या आतच असतात. शेजारी धोकादायक म्हणून तारवणसाठी अर्धा टक्का धरू, म्हणजे ४०,००० माणसं. ह्यात भूदल २६,०००, नौदल ६,०००, हवाई दल ५,००० आणि उरलेले ३,००० संयुक्त मुख्यालय, गुप्तवार्ता, संगणक आणि उपग्रहाची कामं, मोठी हॉस्पिटलं वगैरेंना.

आता तिसरा प्रश्न इथेच विचारायचा. सरासरी माणूस १० वर्षं नोकरी करतो असं धरलं तर दरवर्षी ४,००० नवीन लोक भरती करावे लागतील, आणि प्रशिक्षण ९ महिन्यांचं असेल तर कुठल्याही दिवशी ३,००० माणसं अजून शिकतच आहेत, त्यांना लढाईत धरता येत नाही, उलट त्यांना शिकवायला चांगले अनुभवी लोक अडकून पडलेत. हे कुणी लिहीत नाही आणि म्हणून त्यांचं सैन्य खोटं वाटतं.

सक्तीची भरती ठेवायची असेल तर तोही हिशोब करा. ८० लाखांच्या देशात दरवर्षी १८ वर्षांचे होणारे मुलगे मुली मिळून लाखभर धरू. त्यातले फक्त मुलगे घेतले, शरीराने अपात्र वगळले, तरी ३५,००० च्या आसपास राहतात. एवढ्या सगळ्यांना वर्षभर आत घ्यायचं म्हटलं तर सैन्य जवळजवळ दुप्पट होतं, बराकी दुप्पट, बूट दुप्पट, आणि लोक तयार होतात न होतात तोच घरी जातात. पण एक फायदा असा मोठा आहे की दहा वर्षांनी देशात लाखो लोकांना बंदूक धरता येते. स्वित्झर्लंडचं सैन्य बरचसं ह्याच तत्त्वावर आहे, पूर्णवेळ लोक थोडे आणि बाकी नागरिक मधून मधून सरावाला येतात. तारवणला मी मधला मार्ग देते: ४०,००० स्वेच्छेने आलेले पूर्णवेळ, आणि नोकरी संपलेले पुढची ८ वर्षं राखीव यादीत, वर्षातून दोन आठवडे सराव. राखीव माणसाचा गणवेश आणि रायफल नेमकी कुठल्या गोदामात आहे आणि तिथे पोचायला त्याला किती तास लागतात हे पण लिहून ठेवा.

तुकड्यांची उतरंड

इथे मला थांबायला आवडतं, कारण सगळं सैन्य ह्याच शिडीवर उभं असतं.

गोंधळात, आवाजात, भीतीत एक माणूस तीन ते पाच जणांवरच नीट लक्ष ठेवू शकतो, म्हणून जगात जवळपास सगळीकडे तीनाचे किंवा चाराचे गठ्ठे दिसतात. साधारण अंदाज असा: सेक्शनमध्ये ८ ते १२ माणसं, तीन सेक्शनचा प्लाटून ३० च्या आसपास, तीन चार प्लाटूनची कंपनी १०० ते १५०, मग बटालियन म्हणजे पलटण ६०० ते ९००, तीन पलटणी आणि सोबतची मंडळी मिळून ब्रिगेड ३,००० ते ५,०००, त्याच्यावर डिव्हिजन १० ते १८ हजार, आणि दोन तीन डिव्हिजनची कोअर. आकडे देशागणिक बदलतात, त्यामुळे हेच घ्या असं नाही, पण शिडी मोडू नका.

जुन्या काळातला देश असेल तरी शिडी असतेच. रोमन सैन्यात ८ जणांचा एक तंबू आणि त्यांचं मिळून सामान वाहायला एक खेचर, अशा १० तंबूंची सेंच्युरी, म्हणजे नावात शंभर असूनही माणसं ८०, सहा सेंच्युरींचा कोहॉर्ट आणि दहा कोहॉर्टचं लीजन. मंगोलांचं दशमान होतं, १०, १००, १०००, १०,०००. शिवकाळातल्या घोडदळात २५ बारगीरांवर, म्हणजे सरकारी घोड्यावर लढणाऱ्या स्वारांवर, एक हवालदार, पाच हवालदारांवर जुमलेदार, दहा जुमल्यांवर हजारी, पाच हजारींवर पंचहजारी आणि सगळ्यांवर सरनौबत. आणि मला ह्यात सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे त्या २५ घोड्यांच्या गटालाच एक पखालजी आणि एक नालबंद जोडून दिलेला असायचा. पाणी आणि नाल वरून मागवायची गरजच नाही. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सगळ्यात खालच्या पायरीवर दिलेलं.

आता तारवणची पलटण मांडू. सेक्शन १० जणांचा, तीन सेक्शन आणि वर तीन माणसं मिळून प्लाटून ३३, तीन प्लाटून आणि कंपनी मुख्यालय मिळून १२०. अशा चार रायफल कंपन्या म्हणजे ४८०. एक सपोर्ट कंपनी १२० ची, तिच्याकडे उखळी तोफा आणि रणगाडाविरोधी क्षेपणास्त्रं. आणि २०० जणांची मुख्यालय कंपनी, स्वयंपाकी, ड्रायव्हर, वायरलेसवाले, स्ट्रेचरवाले, कारकून. झाले ८००.

ब्रिगेडमध्ये अशा तीन पलटणी २,४००, तोफखाना ५००, इंजिनिअर १५०, सिग्नल १५०, वैद्यकीय २००, रसद वाहतूक आणि दुरुस्ती ४५०, मुख्यालय आणि टेहळणी १५०. बेरीज बरोबर ४,०००. तीन खिंडींना तीन ब्रिगेड आणि मागे एक राखीव, म्हणजे १६,०००. भूदलातले उरलेले १०,००० प्रशिक्षण केंद्रं, कोठारं, वर्कशॉप, एक रणगाडा रेजिमेंट म्हणजे रणगाड्यांची पलटण, लांब पल्ल्याच्या तोफा आणि मुख्यालयं ह्यात जातात.

आता बघा वास्तव काय आहे. एका पलटणीत सेक्शन ३६, म्हणजे रायफल घेऊन पुढे चालणारी माणसं ३६०. ब्रिगेडमध्ये १,०८०. चारही ब्रिगेड मिळून ४,३२०. ४०,००० च्या सैन्यात सगळ्यात पुढे चालणारे ४,३२०, आणि त्यातलेही काही रजेवर, काही कोर्सला, काही आजारी! पहिल्यांदा मी ही बेरीज केली तेव्हा मला वाटलं माझंच काहीतरी चुकतंय, परत परत केली, पण आकडा तोच. मागची माणसं फुकट बसलेली नाहीत, त्यांच्यामुळेच पुढचे ४,३२० उभे राहतात, आणि हे कळलं की तुमच्या कथेत एक कंपनी गमावणं म्हणजे काय हे तुम्हाला वेगळं सांगावं लागत नाही.

आणखी एक, तीनाचा गठ्ठा फक्त लक्ष ठेवायला नसतो. खिंडीवर एक पलटण पुढे, एक मागे तयार, आणि एक सरावात किंवा विश्रांतीला, मग पाळी बदलायची. म्हणजे नकाशावर ब्रिगेड लिहिलंय तरी आत्ता ह्या क्षणी खिंडीच्या तोंडावर ८०० च आहेत. पण डोंगरात ८०० पण खूप असतात. हल्ला करणाऱ्याला साधारण तिप्पट बळ लागतं असा जुना ठोकताळा आहे आणि चढावर तर त्याहून जास्त. कारगिलमध्ये १९९९ ला वर बसलेल्या थोड्या लोकांना हटवायला खालून किती किंमत मोजावी लागली ते आपण सगळ्यांनी वाचलंय.

कोण काय करतं

पायदळ जागा घेतं आणि धरून ठेवतं, हे काम दुसरं कुणी करू शकत नाही. रणगाडे फट पाडतात आणि वेगाने आत घुसतात, पण तारवणच्या खिंडीत त्यांना वळायला जागा नाही म्हणून एकच रेजिमेंट, खालच्या मैदानासाठी. तोफखाना मोठ्या युद्धांमध्ये सगळ्यात जास्त माणसं मारत आलाय, तरी हौशी लेखक त्याला एका ओळीत उरकतात, असं करू नका. इंजिनिअर पूल बांधतात, पूल पाडतात, सुरुंग पेरतात, सुरुंग काढतात, आणि डोंगरी देशात रस्ता उघडा ठेवणं हेच अर्धं युद्ध असल्याने मी तर म्हणेन त्यांना एखादा मानाचा बिल्ला द्या. सिग्नलवाले नसतील तर सेनापती म्हणजे नुसता टेकडीवर उभा राहिलेला माणूस. लष्करी पोलीस फक्त शिस्तीसाठी नसतात, मागच्या रस्त्यांवरची वाहतूक तेच सांभाळतात, कुठला ताफा आधी जाणार हे ठरवणारा चौकातला शिपाई कधी कधी लढाई वाचवतो.

रसदीचा हिशोब एकदा तरी स्वतः करा. १५५ मिलिमीटर तोफेचा एक गोळा ४५ किलोच्या आसपास असतो. ब्रिगेडच्या १८ तोफांनी दिवसाला प्रत्येकी १०० गोळे टाकले तर १,८०० गोळे, म्हणजे ८१ टन. ४,००० माणसांना पिणं, स्वयंपाक, जखमा धुणं सगळं धरून १० लिटर पाणी, म्हणजे ४० टन. घाटात ५ टनांचा ट्रक धरला तर फक्त गोळे आणि पाणी ह्यालाच रोज २४ ते २५ खेपा, अजून अन्न डिझेल औषधं बाकीच आहेत, आणि त्याच अरुंद रस्त्याने जखमी खाली येतायत. रणगाड्यांचं तर विचारू नका, अमेरिकेच्या एम-१ अब्राम्सच्या टाकीत १,९०० लिटरच्या आसपास इंधन बसतं आणि त्यावर तो सव्वाचारशे किलोमीटरच्या आसपास जातो, तेही चांगल्या रस्त्यावर.

एक वाहन बुडालं तर काय होतं ह्याचं उदाहरण म्हणजे फॉकलंड बेटांवरून ब्रिटन आणि अर्जेंटिनात झालेलं १९८२ चं युद्ध. ब्रिटिशांचं अटलांटिक कन्व्हेयर नावाचं मालवाहू जहाज क्षेपणास्त्र लागून गेलं आणि त्याच्याबरोबर तीन चिनूक हेलिकॉप्टरं गेली, वाचलं ते एकच, कारण ते त्या वेळी हवेत होतं. हेलिकॉप्टरने पुढे जायचं ठरलेल्या सैनिकांना पाठीवर ओझं घेऊन बेटावरून दिवसेंदिवस पायी चालावं लागलं. सगळा आराखडा एका जहाजाने बदलला. तुमच्या देशाचं असं जहाज, असा पूल, असं कोठार कुठलं आहे हे शोधा, कथानक तिथेच सापडतं.

समुद्र आणि आकाश

नौदलाचा नियम सोपा आहे, एक जहाज समुद्रावर ठेवायचं तर तीन लागतात, एक कामावर, एक सरावात किंवा जाता येता, एक गोदीत दुरुस्तीला. तारवणकडे मोठी लढाऊ जहाजं सहा, म्हणजे समुद्रावर खात्रीने दोन. एका जहाजावर १२० माणसं धरली तरी सहा जहाजांवर ७२० च, आणि ६,००० मधले बाकीचे कुठे गेले तर गोदी, सुरुंग काढणाऱ्या होड्या, किनाऱ्यावरची रडारं, क्षेपणास्त्रांच्या तुकड्या, प्रशिक्षण, आणि एक मरीन पलटण म्हणजे जहाजातून किनाऱ्यावर उतरून लढणारे सैनिक. लहान देशाने समुद्रात शौर्य गाजवण्यापेक्षा शत्रूला किनाऱ्याजवळ येणं महाग करावं, म्हणून सुरुंग आणि किनाऱ्यावरची क्षेपणास्त्रं.

तटरक्षक दल वेगळं ठेवायचं का? मी म्हणते ठेवा. युद्धनौका आली की ती दुसऱ्या देशाला धमकी वाटते, तटरक्षकची बोट आली की ती पोलीस वाटते, आणि मासेमारीच्या भांडणात हा फरक फार मोठा आहे. अमेरिकेत तर नौदलाच्या जहाजावर कोस्ट गार्डची छोटी टोळी बसवतात, म्हणजे तस्करांची होडी अडवायला मोठं जहाज आणि कायदेशीर अटक करायला कोस्ट गार्ड. मंत्रालय कुठलं हेही ठरवा, भारतात तटरक्षक दल संरक्षण मंत्रालयाखाली आहे आणि अमेरिकेत गृहसुरक्षा खात्याखाली. तारवणमध्ये शांततेत गृह खातं, युद्ध सुरू झालं की नौदलप्रमुख.

हवाई दलात विमानं मोजू नका, सकाळी उडू शकणारी विमानं मोजा. १८ विमानांच्या स्क्वाड्रनमध्ये दोन तृतीयांश चालू असली तरी १२ च. तारवणकडे दोन लढाऊ स्क्वाड्रन, एक वाहतुकीची, एक हेलिकॉप्टरांची आणि डोंगरावर रडारं. पायलट शंभर दीडशे, बाकी ५,००० मध्ये मेकॅनिक, रडारवाले, धावपट्टीवाले, विमानविरोधी क्षेपणास्त्रवाले आणि पहारेकरी.

हेलिकॉप्टरं कुणाची हा वाद तुमच्या देशात जरूर घाला, सगळीकडे असतो. ब्रिटनने १ एप्रिल १९१८ ला भूदल आणि नौदल दोघांची विमानं एकत्र करून स्वतंत्र हवाई दल काढलं, आणि जहाजांवरची विमानं परत नौदलाच्या ताब्यात यायला १९३९ उजाडलं. म्हणजे वीस वर्षं भांडण. अशा भांडणातून तुमच्या पात्रांना खरी कारणं मिळतात एकमेकांशी कडू वागायला.

वरचं डोकं

बहुतेक लोक सर्वात वर एक सेनापती बसवतात आणि मोकळे होतात. पण दोन वेगळी कामं असतात हे लक्षात घ्या, एक सैन्य तयार करणं म्हणजे भरती, प्रशिक्षण, खरेदी, आणि दुसरं सैन्य वापरणं म्हणजे प्रत्यक्ष मोहीम. अमेरिकेत १९८० ला इराणमधल्या ओलिसांना सोडवायची मोहीम वाळवंटात फसली, १९८३ ला ग्रेनाडात वेगवेगळ्या दलांना एकमेकांशी नीट बोलता येईना, आणि मग १९८६ मध्ये कायदा करून चित्र स्पष्ट केलं: युद्धाचा हुकूम राष्ट्राध्यक्षाकडून संरक्षणमंत्र्याकडे आणि तिथून थेट त्या भागाच्या संयुक्त कमांडरकडे, दलप्रमुख त्या साखळीत नाहीत, त्यांचं काम माणसं आणि सामान तयार करून देणं. भारतात अंदमान निकोबारला २००१ मध्ये तिन्ही दलांची एक संयुक्त कमांड झाली आणि चीफ ऑफ डिफेन्स स्टाफ हे पद १ जानेवारी २०२० पासून भरलं गेलं.

तारवणसाठी: पंतप्रधान, संरक्षणमंत्री, त्यांच्याखाली संयुक्त सरसेनापती, आणि त्याच्याखाली दोनच कमांड, उत्तर म्हणजे डोंगर आणि पश्चिम म्हणजे किनारा. उत्तर कमांडच्या हाताखाली ब्रिगेडही आणि तिथली हेलिकॉप्टरंही. तिन्ही दलप्रमुख बाजूला, प्रशिक्षण आणि खरेदी त्यांच्याकडे. डिव्हिजन मी काढूनच टाकली, चार ब्रिगेडला मधे आणखी एक मुख्यालय कशाला, तेवढेच हुकूम उशिरा पोचतात.

प्रत्येक मोठ्या मुख्यालयात स्टाफ असतो, आणि आज बऱ्याच देशांत त्याला नंबर असतात: १ माणसं, २ गुप्तवार्ता, ३ मोहीम, ४ रसद, ५ पुढची योजना, ६ दळणवळण. ह्या सहा माणसांना नावं द्या, स्वभाव द्या. ३ ला पुढे जायचंय, ४ म्हणतोय डिझेल नाही, २ म्हणतोय समोर नक्की कोण आहे तेच माहीत नाही. कमांडरच्या तंबूतला प्रसंग आपोआप लिहिला जातो.

आणि सैन्य स्वतःच सरकार पाडणार नाही ह्याची सोय काय? हा प्रश्न टाळू नका. शिवकाळात किल्ल्याचा प्रमुख हवालदार, पहाऱ्याचा सरनौबत आणि हिशोबाचा सबनीस असे अधिकार वाटून दिलेले असायचे, एकट्याच्या मनात आलं तरी किल्ला शत्रूला देता येऊ नये म्हणून. इटलीत काराबिनिएरी हे लष्करी दल पोलिसाचंही काम करतं आणि २००० पासून ते भूदल, नौदल, हवाई दलाच्या बरोबरीचं चौथं दल आहे, म्हणजे सगळं बळ एकाच हातात नाही. तारवणमध्ये राजधानीजवळची राखीव ब्रिगेड सरसेनापतीच्या एकट्याच्या सहीने हलत नाही, मंत्र्याचीही सही लागते, आणि दारूगोळ्याचं कोठार तिसऱ्याच माणसाच्या ताब्यात आहे. सुरक्षित आहे, पण संथ आहे, आणि ही किंमत मोजल्याशिवाय ती सुरक्षितता मिळत नाही.

हुद्दे

हुद्दे शेवटी ठरवा, आधी नाही, कारण हुद्दा तुकडीला चिकटतो. सेक्शनला नाईक, प्लाटूनला लेफ्टनंट आणि त्याच्या शेजारी मुरलेला हवालदार, कंपनीला कॅप्टन किंवा मेजर, पलटणीला लेफ्टनंट कर्नल किंवा कर्नल, ब्रिगेडला ब्रिगेडियर. तुकडी नसताना जनरल वाढवत गेलात तर देश हास्यास्पद होतो.

तो मुरलेला हवालदार विसरू नका. तरुण अधिकारी दोन तीन वर्षांत बदलून जातो, पण हवालदार, सुभेदार हे पंधरा वीस वर्षं त्याच पलटणीत असतात, कुणाची आई आजारी आहे आणि कुणाला अंधारात घाबरायला होतं हे त्यांना माहीत असतं, पलटणीची आठवण म्हणजे ते. ज्या सैन्यात हा मधला थर कमकुवत आहे तिथे प्रत्येक छोटा निर्णय अधिकाऱ्यालाच घ्यावा लागतो आणि अधिकारी पडला की तुकडी जागच्या जागी थांबते. शत्रूच्या सैन्याला हीच उणीव द्या, फार उपयोगी पडते.

दोन ठिकाणी सगळे चुकतात. एक, मेजर हा लेफ्टनंटच्या वर असूनही लेफ्टनंट जनरल मेजर जनरलच्या वर असतो, कारण मेजर जनरल हा मुळात सार्जंट मेजर जनरल होता, पुढचा सार्जंट गळून पडला. दोन, नौदलाचा कॅप्टन भूदलाच्या कर्नलच्या बरोबरीचा, आणि भूदलाचा कॅप्टन नौदलाच्या लेफ्टनंटच्या बरोबरीचा. हे सगळं नको असेल तर स्वतःची नावं काढा, नाईक, जुमलेदार, हजारी, सरनौबत, आरमारासाठी सुभेदार, जुनी मराठी नावं इतकी सुंदर आहेत की परदेशी शब्दांची गरजच पडत नाही. फक्त कुठलं नाव किती माणसांवर हे एका कागदावर लिहून ठेवा आणि शेवटपर्यंत बदलू नका.

मग परीक्षा घ्या

सगळं लिहून झालं की एक रात्र निवडा. पहाटे ३ वाजता मधल्या खिंडीवर गोळे पडायला लागले. घड्याळ लावा आणि लिहायला लागा. पहिला आवाज कुणी ऐकला, तो कुणाला कळवतो, वायर तुटली असेल तर दुसरा मार्ग कुठला. पलटणीचा कमांडर रजेवर असेल तर हुकूम कोण देतो. ब्रिगेडच्या तोफा किती मिनिटांत उत्तर देतात आणि शेजारी किती गोळे रचलेत. मागची पलटण किती वाजता निघते आणि तिला अंधारात रस्ता कोण दाखवतो. उत्तर कमांडला कधी कळतं, मंत्र्याला कोण उठवतं. पहिला जखमी कुठल्या टेबलावर पोचतो. राखीव दलाला बोलावणं कधी जातं.

मी तारवणवर हे केलं तेव्हा पहाटे ५ पर्यंत सगळं नीट चाललं आणि मग राखीव ब्रिगेडपाशी सगळं अडलं. सरसेनापतीची सही आली, मंत्री किनाऱ्याच्या दौऱ्यावर होता, कोठाराची किल्ली ज्याच्याकडे होती त्याला हुकूम कुणी द्यायचा हे मी कुठेच लिहिलं नव्हतं. चार तास ४,००० माणसं ट्रकमध्ये रिकाम्या बंदुका घेऊन बसून राहिली. मी ते दुरुस्त केलं नाही, तसंच ठेवलं, आणि त्या चार तासांत खिंडीवरच्या ८०० जणांचं काय झालं ते आता लिहितेय.